‘पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी’

खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी ठरला की न्यायाधीश त्याला विचारतात, ‘शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा तीन-चार वाक्यांत संपते. मी काही केलेलं नाही. घरी म्हातारे आईवडील आहेत. पोरं लहान आहेत. मग बचावाचे वकील उठतात: आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील उठतात: गुन्हा निर्घृण आहे, समाजात चुकीचा संदेश जाईल, कठोरात कठोर शिक्षा द्यावी. पंधरा-वीस मिनिटांत सगळे आटोपते. त्याआधी कित्येक वर्षे साक्षीपुरावा चाललेला असतो. कोयत्याची मूठ किती लांब होती, पंचनामा किती वाजता सुरू झाला, शर्टावरच्या रक्ताचा गट कोणता, यावर पानेच्या पाने उलटतपास झालेला असतो. माणूस फासावर जाणार, चौदा वर्षांनी घरी येणार की तुरुंगातच मरणार, या प्रश्नावर मात्र फाइलीत एकही कागद नसतो.

कोल्हापुरात एखादा भयंकर गुन्हा घडला की बिंदू चौकात, शिवाजी चौकात ‘फाशी झालीच पाहिजे’चे फलक दिसतात. त्या संतापाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ‘फाशी हवी की नको’ या वादात आपण एवढे रमतो, की शिक्षा ठरते कशी याकडे पाहायचे राहून जाते. आणि ती नीट ठरली नाही तर सर्वांत जास्त हाल होतात ते ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांचेच. त्याचा दाखला शोधायला कोल्हापूरबाहेर जावे लागत नाही.

गावित मायलेकींना १९९६ मध्ये अटक झाली. लहान मुलांना पळवायचे, चोरीत त्यांचा वापर करायचा आणि नकोशी झाली की मारून टाकायचे, असे ते प्रकरण. आई खटला संपण्याआधीच वारली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१४ मध्ये. पुढे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारी यंत्रणेने साडेसात वर्षांहून जास्त काळ घालवला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत, कोणतीही माफी (शिक्षेत सूट) न देता भोगायची, असे केले. अटकेपासून शेवटच्या शब्दापर्यंत सत्तावीस वर्षे गेली.

या प्रकरणातल्या दिरंगाईवर भरपूर लिहिले गेले. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की या स्त्रिया सुधारण्याची शक्यता वाटत नाही. निष्कर्ष बरोबरही असेल. पण त्याला आधार होता तो गुन्ह्यांचाच: त्या पुन्हा पुन्हा तेच करत राहिल्या, म्हणून सुधारणार नाहीत. त्यांचे लहानपण, आईची त्यांच्यावरची हुकमत, तुरुंगातली दहा वर्षे त्यांनी कशी काढली, यावर स्वतंत्र पुरावा घेऊन मग तो निष्कर्ष निघाला असता तर शिक्षा कदाचित तीच राहिली असती, पण तिचा पाया पक्का झाला असता.

कायद्यात ही सोय नाही असे नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र खटल्यात दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्या सुनावण्या वेगळ्या केल्या. कलम २३५(२). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम २५८(२) म्हणून आले आहे. कारण साधे आहे. खटला चालू असताना आरोपीचे म्हणणे असते ‘मी केले नाही’. त्याच तोंडाने ‘केले, पण दारिद्र्यामुळे केले’ असे तो कसे सांगणार? म्हणून दोषी ठरल्यावर दुसरी संधी. ही संधी नुसती बोलण्याची नसून पुरावा देण्याची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने संता सिंग प्रकरणात १९७६ मध्येच सांगितले. शिक्षेची सुनावणी शक्यतो पुढच्या तारखेला ठेवावी, हे अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात १९८९ मध्ये सांगितले. तरीही सकाळी दोषी आणि दुपारी शिक्षा हा प्रकार चालूच राहिला, कारण ‘त्याच दिवशी सुनावणी झाली म्हणून शिक्षा आपोआप बेकायदा ठरत नाही’ असे म्हणणारेही निकाल आले. ही ओढाताण सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवली गेली.

आणि तोलायचे काय? १९८० च्या बचनसिंग निकालाने फाशी घटनात्मक ठरवली, पण ‘विरळातली विरळ’ प्रकरणे सोडून ती देऊ नये, असे बंधन घातले. गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडे पाहायला सांगितले. वय फार कमी किंवा फार जास्त आहे का. गुन्हा तीव्र मानसिक किंवा भावनिक तणावाखाली झाला का. पुन्हा हिंसा करून समाजाला धोका होईल का. सुधारणेची शक्यता आहे का. आपण करतो ते नैतिकदृष्ट्या योग्यच आहे असे त्याला खरोखर वाटत होते का. दुसऱ्या कुणाच्या दबावाखाली त्याने ते केले का. मनोविकारामुळे कृत्याचे गांभीर्य समजण्याची शक्ती कमी झाली होती का. यात एक गोम आहे, ती वकिलांच्याही नजरेतून निसटते. धोका आणि सुधारणा या दोन मुद्द्यांवर पुरावा द्यायचा तो सरकारने. आरोपी सुधारणार नाही, हे सरकारने सिद्ध करायचे. बरियार विरुद्ध महाराष्ट्र या २००९ च्या निकालाने हे पुन्हा ठणकावले आणि केवळ गुन्हा पाहा, गुन्हेगार पाहू नका असे सांगणारा १९९५ चा रावजी निकाल चुकीचा ठरवला. तोवर रावजीचा दाखला देऊन अनेकांना फाशी सुनावून झाली होती.

हे तोलणे कागदावर सोपे दिसते. बांधावरच्या भांडणाचा खून घ्या. करवीर, पन्हाळा, शिरोळ, कुठेही घडू शकेल असा काल्पनिक प्रसंग. बांध कोरल्यावरून दोन भावकींत वाद. एकाने दुसऱ्याच्या मानेवर कोयता घातला. आता कोयता आला कुठून? ऊसतोडीच्या दिवसांत शेतात कोयता हातात असणे म्हणजे तयारी नव्हे; ते अवजार आहे. तोच कोयता जूनमध्ये, तोडणी संपल्यावर, घरातून मागवला असेल तर अर्थ फिरतो. वार एक की सात? पहिला समोरून आणि उरलेले खाली पडल्यावर पाठीवर असतील तर ‘रागाच्या भरात’ हा बचाव दुबळा होतो, आणि हे शवविच्छेदन अहवालातल्या जखमांच्या कोनावरून दिसते. आधी तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे अर्ज झाले होते का? असतील तर त्याचे दोन अर्थ निघतात: वैर जुने होते, म्हणून कट; किंवा माणूस कायद्याच्या दारात जाऊन थकला होता. घटनेनंतर त्याने काय केले? जखमीला गाडीत घालून सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेले, की कोयता विहिरीत टाकला?

यातली बरीच माहिती आधी गुन्हा कोणता हे ठरवते आणि मग पुन्हा शिक्षा ठरवायला येते. गोंधळ इथेच होतो. अचानक भांडण, पूर्वतयारी नाही, क्रौर्याने गैरफायदा घेतला नाही, असे ठरले तर तो खूनच राहत नाही. सदोष मनुष्यवध होतो. अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र या २०१३ च्या प्रकरणात शेतातला कुत्रा भुंकला, आरोपीने त्याला लोखंडी पाइप मारला, शेतकऱ्याने जाब विचारला आणि त्याच्या डोक्यात एकच घाव बसला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती पाच वर्षांवर आणली. आता ‘एकच घाव’ या मुद्द्याने गुन्ह्याची पायरी खाली आल्यावर त्याच मुद्द्यासाठी पुन्हा शिक्षेत सवलत द्यायची का? उलट बाजूनेही तेच. बळी लहान मूल होते म्हणून पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ६ खाली किमान शिक्षा २०१९ पासून वीस वर्षे झाली. त्याच वयाचे कारण देऊन आणखी वाढवली तर एकच वजन दोनदा टाकल्यासारखे होते. किराणा दुकानदाराने असे केले तर आपण वजनमापवाल्यांकडे तक्रार करू.

दोन गोष्टी तर नेहमीच चुकीच्या मोजल्या जातात. पहिली म्हणजे पूर्वेतिहास. पोलिसांकडून यादी येते: आरोपीवर आणखी पाच गुन्हे दाखल. दाखल म्हणजे सिद्ध नव्हे. त्यातल्या दोन प्रकरणांत तो सुटला असेल, दोन प्रलंबित असतील, एकात तडजोड झाली असेल. पूर्वीची शिक्षा मोजायची तर त्या निकालाची प्रमाणित प्रत हवी, आणि तो माणूस हाच याची खात्री हवी. प्रलंबित खटल्यांवरून आरोपीला सराईत ठरवता येत नाही, हे राजेंद्र वासनिक विरुद्ध महाराष्ट्र या २०१८ च्या निकालात स्पष्ट झाले आणि त्या एका कारणासह इतर उणिवांमुळे फाशी जन्मठेपेवर आली. यादी जोडण्याऐवजी प्रत जोडली असती तर सरकारचीच बाजू पक्की झाली असती.

दुसरी गोष्ट पश्चात्ताप. ‘आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता’ हे वाक्य निकालातही येते आणि बातमीतही. ज्याला वरच्या न्यायालयात अपील करायचे आहे आणि ज्याचे म्हणणे आजही ‘मी निर्दोष’ असेच आहे, त्याने पश्चात्ताप दाखवायचा तो कशाचा? दाखवला तर अपील बुडते, न दाखवला तर शिक्षा वाढते. त्यात पाच वर्षे कच्च्या कैदेत काढलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहून कसा दिसतो, यावरून त्याच्या मनात काय चालले आहे हे सांगणे हा धंदा ज्योतिषाचा आहे, न्यायालयाचा नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर फार कमी बोलले जाते. खुनात सत्र न्यायाधीशापुढे पर्याय दोनच: फाशी किंवा जन्मठेप. जन्मठेपेत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर सुटकेचा विचार करता येतो. प्रत्यक्षात किती वर्षांनी सोडायचे ते राज्याच्या नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या प्रकारावर ठरते, पण ते सरकारच्या हातात. ‘वीस वर्षे, पंचवीस वर्षे माफीशिवाय’ ही मधली शिक्षा श्रद्धानंद प्रकरणातून २००८ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. पण ती देण्याचा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला. म्हणजे समोरच्या गुन्ह्याला चौदा वर्षे कमी आणि फाशी जास्त वाटत असेल, तर सत्र न्यायाधीशाच्या हातात काही नाही. अशा वेळी फाशी लिहून कायम करण्यासाठी वर पाठवणे ही सोपी वाट होते. वर ती रद्द झाली की गावात बोलतात, ‘पैसे चारून सुटला.’ तो सुटलेला नसतो. पंचवीस-तीस वर्षांसाठी आत असतो. पण ‘फाशी रद्द’ एवढाच मथळा लोकांच्या लक्षात राहतो.

म्हणून फाशीच्या बाजूने असा की विरोधात, मागणी एकच करायला हवी: शिक्षेआधी फाइल भरा. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २० मे २०२२ च्या निकालाने ती कशी भरायची हे सांगितलेच आहे. आरोपीचे मानसशास्त्रीय आणि मनोविकारविषयक मूल्यमापन सरकारने सादर करायचे. वय, लहानपणची घरची स्थिती, भावंडे, हिंसाचार किंवा दुर्लक्षाचा इतिहास, शिक्षण, उत्पन्न, नोकरी की बेकारी, पूर्वीचे गुन्हे आणि त्यांचा निकाल, ही माहिती ठराविक मुदतीत द्यायची. तुरुंगातले वर्तन आणि काम यांचा अहवाल मागवायचा. हे केवळ उपचारापुरते नाही, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. नागपूरच्या चार वर्षांच्या मुलीच्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये कायम केलेली आणि २०१७ मध्ये फेरविचारातही कायम ठेवलेली वसंत दुपारेची फाशी, मनोज निकालातल्या अटी पाळल्या नाहीत म्हणून, शिक्षेपुरती पुन्हा उघडली गेली. त्या मुलीच्या आईवडिलांना सतरा वर्षांनंतर पुन्हा तारखा आल्या. हे टाळता येण्यासारखे होते.

कोल्हापुरात हे करायला लागणारी माणसे आणि जागा आहेत. कळंबा कारागृह आहे. जिल्हा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नाही ती रीत. आणि रीत नसली की अहवाल येतो तोही पोकळ येतो. तुरुंगाच्या अहवालात एकच ओळ: ‘वर्तन समाधानकारक.’ कशावरून? कारखान्यात किती दिवस काम केले, सुतारकामात की विणकामात, किती वेळा शिक्षा झाली, शिकायला बसला का, भेटीला कोण येते, कधीपासून यायचे बंद झाले, यातले काही नाही. डॉक्टरांचे उत्तर येते की आरोपी खटल्याला उभा राहण्यास सक्षम आहे. पण न्यायालयाला तो प्रश्न पडलेलाच नसतो. हवे असते ते हे, की डोक्याला जुनी इजा आहे का, बुद्ध्यांक किती, दारूचे व्यसन कोणत्या वयात लागले, तणावात तो कसा वागतो. आणि ते एका भेटीत कळत नाही. परिविक्षा अधिकारी गावात जातो तेव्हा पोलीस पाटील आणि शेजारी या दोघांशी बोलून परत येतो. गुन्ह्यानंतर तीन दिवसांनी शेजारी काय सांगणार, आणि पाच वर्षांनी काय? शाळेचा दाखला, दवाखान्याची जुनी कागदपत्रे, लहानपणी सांभाळणारी आत्या किंवा मामी, हे कुणी शोधत नाही.

म्हणून मागवण्याच्या आदेशातच प्रश्न लिहून द्यावेत. ‘आरोपीबाबत अहवाल सादर करावा’ असे लिहिले की एका ओळीचाच अहवाल येणार. आणि हे काम दोषसिद्धीनंतर सुरू केले तर उशीर होतो. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात दोषारोप निश्चित झाल्यावरच माहिती गोळा करायला लावावी, ती बंद लिफाफ्यात राहावी, आणि दोषी ठरला तरच लिफाफा उघडावा. नाहीतर आरोपीचे पूर्वायुष्य वाचून मन आधीच कलते. दोषसिद्धीनंतर दोन-तीन आठवड्यांची तारीख द्यावी. सत्तावीस वर्षे चाललेल्या प्रकरणांच्या जिल्ह्यात तीन आठवडे कुणाला जड वाटू नयेत.

‘मारणाऱ्याची जन्मकुंडली मांडता, मेलेल्याची कोण मांडणार?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पहिली फाइल रिकामी ठेवणे हे नाही. दुसरी फाइलही भरली पाहिजे. पीडिताच्या कुटुंबावर काय परिणाम झाला याचे निवेदन शिक्षेच्या वेळी घ्यावे, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाने कोडगली प्रकरणात २०१८ मध्ये केली. कर्ता गेला, शेत वाट्याने दिले, मुलीची शाळा सुटली, हे न्यायाधीशापुढे कुठल्या कागदाने येते? सरकारी वकील ‘समाजमन हादरले’ म्हणतात, पण त्या घराचे काय झाले ते सांगत नाहीत. नुकसानभरपाईचेही तसेच. गायकवाड निकालाने प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे आणि ती देण्याची किंवा न देण्याची कारणे लिहिणे बंधनकारक ठरवले. तरी निकालाच्या शेवटी ठरलेले वाक्य येते: दंड पाच हजार, न भरल्यास सहा महिने कैद. त्या पाच हजारांतून विधवेला किती, हा विचारच नाही.

कोष्टक करावे, इतके वार झाले तर इतकी वर्षे, असेही सुचवले जाते. इंग्लंडमध्ये खुनाच्या जन्मठेपेसाठी कायद्यातच पंधरा, पंचवीस, तीस वर्षे असे आरंभबिंदू दिले आहेत आणि न्यायाधीश तिथून वर-खाली जातात. शिक्षेतली मनमानी त्याने कमी होते हे खरे. आपल्याकडे फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला पुन्हा त्याचा विचार करायला सांगितले. माझी शंका वेगळी आहे. एका प्रकारच्या खुनाला एकच शिक्षा, हा प्रयोग आपण करून पाहिला आहे: जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असे सांगणारे दंड संहितेचे जुने कलम ३०३ मिठू प्रकरणात १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरले. आणि संगीत विरुद्ध हरियाणा या २०१२ च्या निकालाने गुन्हा एका रकान्यात, गुन्हेगार दुसऱ्या रकान्यात आणि खाली वजाबाकी या पद्धतीवरच बोट ठेवले, कारण त्या दोन गोष्टी एका मापात येतच नाहीत. कोष्टकापेक्षा ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे निकालात लिहिणे बंधनकारक करावे. उत्तर वाईट असले तरी निदान अपिलात ते तपासता येते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले इथे येतात. चार दशकांहून जास्त काळ ज्यासाठी वकिलांनी आंदोलने केली ते मिळाले, आणि मुंबईच्या खेपा वाचल्या हे थोडे नाही. पण अपिलात शिक्षा तपासायला बसलेल्या खंडपीठाला कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयातून आलेल्या फाइलीत जे असेल तेच वाचता येणार. तिथे रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या नोंदीत) दोषसिद्धीची तारीख आणि शिक्षेची तारीख एकच असेल, आणि मध्ये फक्त ‘आरोपीस शिक्षेबाबत ऐकले’ एवढी ओळ असेल, तर खंडपीठाने तो अहवाल स्वतः मागवायचा, नाहीतर प्रकरण शिक्षेपुरते परत पाठवायचे. यातले काहीही केले तरी सहा महिने गेले, आणि मारल्या गेलेल्याचा भाऊ पुन्हा वकिलाला फोन करून विचारणार, पुढची तारीख कधी.